‘एका बहिणीसाठी प्रार्थना करा’

प्रिय ताई, सलाम.

आम्ही चिंचवडला राहतो. सहा वर्षांपूर्वी जुनी मंडळी, म्हणजे आमचं चर्च, सोडून एका घरगुती संगतीत जायला लागलो. नऊ कुटुंबं आहोत. रविवारी चार वाजता, संगती चालवणाऱ्या दादा-वहिनींच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला सरकवून सतरंज्या टाकतो, माझे मिस्टर ढोलकी वाजवतात, उपासनेनंतर सगळ्यांनी आणलेले डबे एकत्र उघडतो. बुधवारी बायकांची प्रार्थनासभा असते.

दोन वर्षांत मला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा मूल राहिलं नाही. त्यानंतर झोप उडाली, ओट्याशी उभी राहून रडत बसायचे. आता मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या चालू आहेत आणि फरक आहे. हे मी फक्त वहिनींना सांगितलं होतं. पुढच्याच बुधवारी त्यांनी ‘आपल्यातल्या एका बहिणीच्या मनावरचा अंधार जावा’ म्हणून प्रार्थना केली. रात्री ग्रुपवर माझं नाव घालून मेसेज फिरला. रविवारी साक्षीच्या वेळी, म्हणजे विश्वासाचे अनुभव सांगायच्या वेळी, एक भाऊ सगळ्यांदेखत म्हणाले, ‘गोळ्या म्हणजे अविश्वास, प्रभूवर टाक आणि बंद कर.’ त्यानंतर तीन रविवार मी गेले नाही. वहिनींचा मेसेज आला, ‘आतली ज्योत विझू देऊ नका.’ मिस्टर म्हणतात, क्षमा कर आणि विषय संपव. सासूबाई जुन्या मंडळीतल्या. त्या म्हणतात, मी सांगितलंच होतं. मुलगा नऊ वर्षांचा, त्याचे सगळे मित्र तिथलेच. परत जाऊ का? आणि गोळ्या घेणं खरंच पाप आहे का?

— एक बहीण, चिंचवड

सलाम, ताई.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो थांबणारा नाही. गोळ्या बंद करू नका. अशी औषधं एकदम सोडली तर त्रास होतो, आणि जो आजार आता कुठे आवरतोय तो उलटून येऊ शकतो. डोस कमी करायचा की नाही, कधी आणि किती, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. साक्षीला उभे राहिलेले भाऊ नव्हेत.

आणि पाप? प्रेषित पौलाच्या सोबत्यांमध्ये लूक होता, आणि बायबलातल्या कलस्सैकरांच्या पत्रात पौल त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. तीमथ्याला वरचेवर पोटाचा त्रास व्हायचा, त्याला पौलाने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. त्रफिम आजारी पडला तेव्हा पौल त्याला मिलेतात मागे ठेवून पुढे गेला, आणि त्याच्या विश्वासावर एका अक्षराने बोलला नाही. आपल्याकडचंच पाहायचं तर मिरजेला डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचं इस्पितळ उघडलं. देवावर ज्यांचा पूर्ण भरवसा होता अशाच माणसांनी महाराष्ट्रात दवाखाने काढले, गावोगावच्या मुलींना नर्सिंग शिकवलं. आपल्या कितीतरी घरांत एक आजी किंवा मावशी मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. औषध आणि प्रार्थना या दोन गोष्टी त्या बायकांनी एकाच हाताने केल्या. ही शिकवण घरात असताना गोळीला अविश्वास म्हणणारा माणूस शास्त्रही अर्धवट वाचतोय आणि आपला इतिहासही.

रात्री-अपरात्री मन फारच खचलं, डॉक्टर हाताशी नसले, तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. तो फोनमध्ये घालून ठेवा.

आता एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी बोलते. तुमच्या पत्रात त्या दोन बाळांवर एकच वाक्य आहे. संगतीत तुमच्या मनाच्या अंधारावर प्रार्थना झाली, गोळ्यांवर उपदेश झाला; पण तुमच्या पत्रावरून वाटतं की त्या दोन मुलांसाठी तुमच्याबरोबर कुणी रडलं नाही. जन्मून गेलेल्या बाळाचा निदान दफनविधी होतो, पाळक येतात, चार माणसं दाराशी बसतात. पोटातच गेलेल्याला आपण कुठलाच दिवस ठेवलेला नाही. आई दोन दिवसांनी उठून डबे भरायला लागते आणि सगळे म्हणतात, सावरली. ताई, तुम्ही आजारी पडलात त्यात तुमच्या विश्वासाचं काहीही उणं नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? याचंही नाही आणि त्यांचंही नाही, असं त्याने सरळ सांगितलं. स्वतःला दोष द्यायची वेळ येईल तेव्हा योहानाचा नववा अध्याय काढून वाचा.

आता वहिनी. त्यांनी हे वाईट हेतूने केलं असं मला वाटत नाही. ऐकलेलं दुःख त्यांना एकटीने पेलवलं नाही, आणि आपल्या लोकांत न पेलणारी गोष्ट प्रार्थनेत मांडायची सवय असते. पण सवय चांगली असली तरी झालं ते चूक झालं, आणि ते चूक म्हणून नाव घेऊन सांगायला हवं. नऊ घरांच्या संगतीत ‘एक बहीण’ म्हटलं की कोण, हे सगळ्यांना ठाऊक असतं. गेल्या रविवारी कुणाचे डोळे सुजलेले होते, कोण डबा न आणता आलं, कुणाचा मुलगा बापाबरोबर एकटाच आला, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. दोनशे माणसांच्या चर्चमध्ये नाव न घेता केलेली प्रार्थना झाकून राहते. सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्यांत राहत नाही. त्यावर ग्रुपवरचा मेसेज! तो कुणी पुढे कुठल्या उपास-प्रार्थनेच्या ग्रुपवर ढकलला असेल, कुणाच्या चुलतबहिणीपर्यंत नगरला पोचला असेल, सांगता येत नाही.

तुमच्या डॉक्टरांवर गुप्ततेचं बंधन आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला तो हक्कच दिलाय. जुन्या मंडळीत काही झालं तर पाळकांकडे जाता येतं, कमिटीसमोर तक्रार मांडता येते, तिथेही नाही झालं तर वर बिशप असतात. दादा-वहिनींच्या हॉलमध्ये यातलं काहीच नाही. सगळं विश्वासावर चाललेलं असतं, आणि तीच या छोट्या संगतींची गोडी आहे. मला त्या मनापासून आवडतात. पौलाच्या काळी प्रिस्किल्ला-अक्विलाच्या घरात मंडळी भरायची, नुंफेच्या घरात भरायची, फिलेमोनाच्या घरात भरायची. चर्चच्या इमारती पुष्कळ नंतर आल्या. पण जिथे लिहिलेला नियम नाही तिथे माणसांनी तोंडी नियम दुप्पट पाळावे लागतात. नाहीतर ज्याचं घर त्याचा शब्द चालतो, आणि बाकीच्यांनी मान डोलवायची.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये, साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला होता. मिशनच्या नोकरीचं बंधन सोडून, बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले अशा दोघांनाही ख्रिस्ताच्या नावाने एकत्र बसवणारा. १९१९ मध्ये टिळक गेले, आणि त्यांच्यामागे दरबार फार टिकला नाही. एवढा मोठा माणूस, एवढी सुंदर कल्पना, तरी एकाच माणसावर उभी होती. तुमची संगती एका जोडप्यावर उभी आहे. त्यांना कुणी काही सांगणारं नसेल तर ते त्यांच्याही भल्याचं नाही. म्हणून तुम्ही बोललात तर त्यात संगतीवर उपकारच आहेत.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात क्रम दिलेला आहे: आधी एकट्याने जाऊन, दोघांतच बोलायचं. वहिनींना फोन करा, मेसेज नको. त्यांच्या घरी जाऊ नका, तिथे सतत कुणी ना कुणी येत असतं. तुमच्याकडे बोलवा, दुपारी, मुलगा शाळेत असताना. आणि फिरवून फिरवून न बोलता म्हणा, ‘वहिनी, मी तुमच्याजवळ बोलले ते तुमच्याजवळ ठेवण्यासाठी. तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना केलीत याचा राग नाही. मला न विचारता चारचौघींत केलीत, याचं फार लागलं. तो मेसेज ज्यांनी टाकला त्यांना काढायला सांगा. आणि इथून पुढे कुणाचंही दुखणं त्या माणसाला विचारल्याशिवाय प्रार्थनेला घेऊ नका.’ एवढं बोलून थांबा. त्या रडतील, स्पष्टीकरण देतील, कदाचित वचन काढून दाखवतील. ऐकून घ्या, पण मागणी मागे घेऊ नका. चहा मात्र जरूर करा.

एकटीने जमलं नाही तर तिसऱ्या कुणाची मदत घ्यायला लाजू नका. फिलिप्पैच्या मंडळीत युवदीया आणि सुंतुखे या दोघींचं बिनसलं होतं. दोघी पौलाबरोबर सुवार्तेसाठी झटलेल्या. पौलाने दोघींना विनवलंच, शिवाय एका सोबत्याला सांगितलं, तू यांना साहाय्य कर. तुमच्या नऊ घरांत एखादी वडीलधारी, कमी बोलणारी मावशी असेलच. तिला बोलवा.

त्या भावांचं प्रकरण मी वहिनींपेक्षा गंभीर धरते. वहिनींनी गुपित फोडलं; या भावांनी भरसभेत आजारी माणसाला औषध सोडायला सांगितलं. उद्या दुसरी एखादी बहीण बीपीची गोळी सोडेल, कुणी मुलाचं फिटचं औषध बंद करेल. हे दादांशी बोलायचं आहे, आणि ते काम तुमच्या मिस्टरांचं. सगळ्यांसमोर बोललेलं सगळ्यांसमोर दुरुस्त व्हायला हवं. दादांनी रविवारी उभं राहून सांगावं की आपल्या संगतीत कुणी कुणाला डॉक्टरचं औषध बंद करायला सांगणार नाही. तुमचं नाव घ्यायची काही गरज नाही. दादांनी हे सांगितलं, तर त्या घरात परत जाण्यासारखं बरंच काही आहे. सांगायला नकार दिला, किंवा ‘संगती सोडलीत तर आशीर्वाद जाईल’ अशी भाषा सुरू झाली, तर मागे वळून पाहू नका. जाताना सांगून जा, आणि आशीर्वादाची चिंता करू नका. तो दादांच्या हॉलमध्ये कुलूप लावून ठेवलेला नाही.

तोवर रविवारी जायलाच हवं असं मुळीच नाही. वहिनींच्या ‘ज्योत विझू देऊ नका’ या मेसेजला उत्तर देऊ नका. घरात, दार लावून, दोन ओळींची प्रार्थनाही चालते. शब्द नसतील तर एखादं स्तोत्र नुसतं वाचा. मुलाला जायचं असेल तर बापाबरोबर जाऊ द्या. त्याचे मित्र त्याच्याकडून काढून घेऊ नका, आणि मोठ्यांचं भांडण त्याच्या कानावर घालू नका.

मिस्टर ‘क्षमा कर आणि विषय संपव’ म्हणतात. त्यांना माझ्यातर्फे सांगा, क्षमा करणं तुमच्या बायकोच्या हातात आहे आणि ती करेल तेव्हा करेल. विषय मात्र गप्प बसून संपत नाही. त्यांचीही अडचण मला दिसते. बाप म्हणून त्यांचीही दोन मुलं गेली आहेत, आणि ढोलकीवर बसल्यावर तासभर त्यांना ते विसरता येत असेल. ती जागा गमवायची भीती त्यांना वाटत असेल. रागावण्याआधी एकदा विचारून पाहा.

सासूबाईंचं ‘सांगितलंच होतं’ सोडून द्या. पण त्यांच्या जुन्या मंडळीशी नातं तोडू नका, वर्गणी थकली असेल तर भरून टाका. बाप्तिस्म्याची नोंदवही तिथे असते, विवाह लावायचा परवाना पाळकांकडे असतो, कब्रस्तानात जागाही बहुधा सभासदांनाच मिळते. घरगुती संगतीतल्या कुटुंबांची धावपळ अशाच वेळी होते. उद्या तुम्हाला दोन्हीकडे जावंसं वाटलं तर तेही करा. सकाळी जुन्या मंडळीत मागच्या बाकावर बसायचं, कुणाला काही सांगायचं नाही, ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकातलं लहानपणचं गीत म्हणून घरी यायचं. काही महिने कदाचित तेच बरं वाटेल.

डॉक्टरांकडच्या पुढच्या तपासणीला मात्र मिस्टरांना बरोबर घेऊन जा. गोळ्या कशासाठी आहेत, किती दिवस चालतील, हे त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं, तर दादांशी बोलताना त्यांना अडखळावं लागणार नाही. आणि वहिनींशी काय बोलणं झालं ते मला कळवा. इथे छापणार नाही.