प्रश्न तुमचे: ओल्या कचऱ्याचं खत आणि त्याचा हिशेब

प्रश्न: आम्ही तिघं पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहोत. 60 घरांचा ओला कचरा आणि दोन देवळांचं निर्माल्य उचलून खत करतोय. दीड महिन्यात ढिगाला घाण वास सुटला, अळ्या झाल्या, शेजारी भांडायला येतात. कल्चर (खत लवकर व्हावं म्हणून घालतात ते जिवाणूंचं विरजण) बदलावं का? (बार्शी)

उत्तर: कल्चरवर आणखी पैसे घालू नका. तुमच्याकडे पालापाचोळा कमी पडतोय. भाजीच्या देठांत आणि उरलेल्या अन्नात बरंचसं पाणीच असतं. ते एकावर एक बसलं की मधली हवा निघून जाते आणि ढीग कुजण्याऐवजी सडतो. एक बादली ओल्या कचऱ्याला किमान एक, पावसाळ्यात दोन बादल्या चुरलेला पाला घाला. अख्खी पानं घालू नका, ती थर धरतात आणि हवा अडवतात.

वास कसला येतो ते बघा. नाकाला झोंबणारा, अमोनियासारखा असेल तर नत्र जास्त झालंय, पाला वाढवा. नासक्या अंड्यासारखा असेल तर आत हवा नाही. ढीग पूर्ण उकरून, कोरडा माल मिसळून पुन्हा रचा. ओलावा मुठीने तपासायचा. मिश्रण घट्ट दाबल्यावर बोटांमधून एखाद-दोन थेंब यावेत. धार लागली तर ओलं, मूठ उघडताच भुगा सुटला तर कोरडं.

ढीग लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून निदान एक मीटर हवा. त्याहून लहान ढीग उष्णता धरत नाही. लांब दांडीचा थर्मामीटर मध्यभागी खुपसा. 55 ते 65 अंश सेल्सिअस दिसलं की काम बरोबर चाललंय. तणाचं बी आणि रोगजंतू याच टप्प्यात मरतात. 65च्या वर गेलं किंवा तापमान उतरायला लागलं की पालथा घाला, बाहेरचा माल आत आणि आतला बाहेर. अळ्यांचं म्हणाल तर जाड, करड्या अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या कचरा खातात, खताचं काही बिघडवत नाहीत. पण शेजाऱ्यांना हे समजावत बसण्यापेक्षा रोजच्या कचऱ्यावर बोटभर जाडीचा पाल्याचा थर द्या. उघडं अन्न दिसलं नाही की माश्या बसत नाहीत.

निर्माल्याची भानगड वेगळी. हारांचा दोरा श्रेडरच्या (कचरा बारीक करणाऱ्या यंत्राच्या) दांड्याला गुंडाळत जातो आणि मोटर गरम होऊन बंद पडते. दोरे, प्लॅस्टिकच्या पिशव्या, उदबत्तीच्या काड्या, नारळाच्या शेंड्या आधी हाताने वेगळ्या करा. अडकलेला दोरा काढताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग उपसा.

पाला मात्र पानगळीतच साठवावा लागतो. जानेवारी ते एप्रिल शाळांची मैदानं आणि बागा झाडल्या की पाला जाळला जातो; तोच पोत्यांत भरून छपराखाली ठेवा. जुलैत शोधायला निघालात तर चिखलच मिळेल.

प्रश्न: खत चांगलं होतं, पण विकून खर्च निघत नाही. किंमत किती ठेवावी? (कराड)

उत्तर: किंमत वाढवून हे गणित सुटणार नाही. उदाहरणार्थ, घरटी रोज 400 ते 500 ग्रॅम ओला कचरा धरला तर 60 घरांचे महिन्याला साधारण 720 ते 900 किलो होतात. त्यातून चाळलेलं खत दीड-दोनशे किलो. हिशेबापुरता 15 रुपये भाव धरला तरी तीन हजारांच्या आतच. पैसा आहे तो कचरा उचलण्याच्या सेवेत. घरटी महिना 100 रुपये धरले तर 250 घरांचे 25,000 होतात, आणि एका माणसाचा पगार व हातगाडीचा खर्च तिथून निघायला लागतो. ही रक्कम सोसायटीच्या मेंटेनन्स बिलातच घालून घ्या. दारोदार वसुलीत निम्मा महिना जातो. ‘तीन महिने फुकट करून दाखवा’ म्हणणाऱ्या समितीला नम्रपणे नाही म्हणा. फुकटाची सवय लागली की चौथ्या महिन्यात नवीन पोरं शोधली जातात.

खताचा काही भाग त्याच सोसायटीला बागेसाठी परत द्या. पोत्यावर नाव छापून बाजारात विकायचं असेल तर खत नियंत्रण आदेश, 1985 लागू होतो. आधी जिल्ह्याच्या कृषी कार्यालयात विचारा, नत्र-स्फुरद-पालाशचे आकडे मनाने छापू नका. भरण्याआधी खत तीन-चार आठवडे मुरू द्या. गरम भरलं तर पोतं आतून घामेजतं. खत आणि माती निम्मी-निम्मी घेऊन हळीव पेरा. शेजारी नुसत्या मातीतही पेरा. खतातलं हळीव मागे पडलं किंवा पिवळं उगवलं तर खत कच्चं आहे.

प्रश्न: संस्था काढावी की कंपनी? सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा निधी) आणि सरकारी अनुदान मिळेल का? (इचलकरंजी)

उत्तर: सीएसआरच्या भरवशावर सुरुवात करू नका. कंपनीबाहेरच्या संस्थेला त्यासाठी 12ए आणि 80जी या आयकर सवलतीच्या नोंदणीबरोबर अशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. सेवेचे पैसे घेणार असाल तर भागीदारी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) पुरते. कलम 8च्या (ना-नफा) कंपनीत नफा वाटून घेता येत नाही, मात्र केलेल्या कामाचा वाजवी पगार घेता येतो. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट आहे, तिचे पैसे मागणाऱ्या एजंटला दारातूनच परत पाठवा.

सरकारी अनुदानासाठी पीएमईजीपीचा (पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमाचा) अर्ज काम सुरू करण्याआधी करा. ही योजना नव्या उद्योगासाठी आहे, चालू धंदा बसत नाही. अनुदानाची रक्कम तीन वर्षं बँकेत अडकलेली राहते, त्यामुळे ती हातातलं भांडवल समजू नका.

प्रश्न: आमच्या भागात एक मावशी आधीपासून कचरा नेतात. त्यांचं काय करायचं? (नाशिक)

उत्तर: सोसायटीशी बोलण्याआधी त्यांच्याशी बोला. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 पासून कचरावेचकांची संघटना म्हणून काम करते. तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि घरोघरी कचरा उचलून घरटी शुल्क घेण्याची पद्धत तिथे रुजली. सुक्या कचऱ्यातलं भंगार हे मावशींचं उत्पन्न आहे, त्याला हात लावू नका. ओल्या कचऱ्याच्या कामाचा महिन्याचा मोबदला वेगळा ठरवा आणि तो लिहून द्या. रबरी हातमोजे, बूट, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि फोटोचं ओळखपत्र पहिल्याच आठवड्यात द्या. ओळखपत्र नसलं की नव्या सोसायटीचा वॉचमन गेटवरच अडवतो.