दहावीनंतर आयटीआयला मशिनिस्ट घेऊ की मशीन टूल मेंटेनन्स?

दोन्ही ट्रेड 2 वर्षांचे आहेत, पण कामाचा पिंड वेगळा. मशिनिस्ट मिलिंग, शेपर, ग्राइंडिंग या धातू कापण्या-घासण्याच्या मशीनवर जॉब, म्हणजे धातूचा सुटा भाग, काढतो. मेकॅनिक मशीन टूल मेंटेनन्सवाला तेच मशीन उघडतो, बेअरिंग बदलतो, बेडची, म्हणजे मशीनच्या पायाची, पातळी बघतो, पुन्हा बसवतो. बाहेरच्या देशांत ज्याला मिलराइट म्हणतात, त्याच्या जवळचा आपल्याकडचा ट्रेड हाच.

माझं मत विचाराल तर मेंटेनन्स घ्या. साखर कारखान्यापासून औषध कंपनीपर्यंत मशीन सगळीकडेच बंद पडतं.

पण पहिले काही महिने कानसच चालवावी लागते, त्याला कंटाळू नका. गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून जॉब उजेडासमोर धरायचा, फटीतून प्रकाश दिसला की पुन्हा घासायचं. हात तिथेच तयार होतो. हाताबरोबर मापही कळायला हवं, त्याचं एक उदाहरण देतो. मोटर आणि पंपाचं कपलिंग (दोघांचे शाफ्ट, म्हणजे फिरणारे दांडे, जोडणारा भाग) जुळवताना डायल गेज, म्हणजे बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक, कपलिंगच्या कडेवर लावून पूर्ण फेरा दिला आणि फरक 0.20 मिमी आला, तर शाफ्ट सरकलेला असतो 0.10 मिमी, म्हणजे निम्माच. हे न कळणारा माणूस दुप्पट जाडीचा शिम (उंची जुळवायला खाली घालायची पातळ पट्टी) घालतो आणि मग बेअरिंग लवकर जातं.

प्रवेशाआधी वर्कशॉप डोळ्यांनी बघून या. लेथ मशीन धूळ खात उभी असतील, तर दुसरी संस्था शोधा. पुढे शिकायचं असेल तर 2 वर्षांच्या आयटीआयनंतर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. त्याआधी अप्रेंटिसशिप मात्र जरूर करा.