पर्समध्ये मावणारं नको

प्रिय मुली,

"मावशी, पर्समध्ये मावेल असं छोटंसं एखादं पिस्तूल सुचव ना." तुझा एका ओळीचा मेसेज, आणि त्यात दोन चुका. पर्स ही एक, छोटंसं ही दुसरी. फोनवर बोलले असते तर तू मधेच "हो हो" म्हणत राहिली असतीस, म्हणून लिहूनच काढते.

आधी कागदपत्रं. तुझं ग्रीन कार्ड आलं म्हणून हा विषय तरी निघाला. एच-१बी (नोकरीच्या) किंवा एफ-१ (विद्यार्थ्याच्या) व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर टेक्सास कितीही मोकळं असलं तरी. तुझा भाऊ एफ-१ वर आहे आणि तुझ्याच घरात राहतो. त्याला "गंमत म्हणून" रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, नेऊ नकोस. हातात धरून झाडणंसुद्धा बाळगण्यातच मोजतात. घरातल्या तिजोरीचा आकडाही त्याला कळता कामा नये. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, त्यात नागरिकत्व आणि तुझा एलियन नंबर, म्हणजे परदेशी माणसाला इथे मिळणारा नंबर, विचारतात. जे आहे तेच लिही. तिथलं खोटं उत्तर म्हणजे फेडरल गुन्हा, आणि मग ग्रीन कार्डाचं काय होईल ते वकिलालाच विचारावं लागेल.

आमच्या सांगलीच्या काकांकडे .३२ चं रिव्हॉल्व्हर होतं. दर निवडणुकीला ते पोलीस ठाण्यात जमा करायचे, पावती देवघरात ठेवायचे. त्यांनी ते झाडलेलं मी कधी पाहिलं नाही. मी इथे आले तेव्हा पिस्तूल म्हणजे असंच कपाटात ठेवायचं काहीतरी, अशीच माझी समजूत होती. पुढची फजिती त्यातूनच झाली.

२००९ साली मी रात्रीचं औषधाचं दुकान बंद करून एकटी गाडीपर्यंत चालत जायचे. एक दिवस धीर करून बंदुकीच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि इवलंसं .३८० चं पिस्तूल काढून ठेवलं, "लेडीजसाठी हेच." हातात घेतलं तर खेळण्यासारखं हलकं. घेतलं. रेंजवर पहिल्या गोळीलाच अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यात असा हिसका बसला की डोळ्यांत पाणी आलं. करंगळी ठेवायला मुठीत जागाच नव्हती, दोन बोटांवर सगळा भार. दुसरं मॅगझिन, म्हणजे मुठीत सरकवायची गोळ्यांची डबी, भरेपर्यंत, गोळी सुटायच्या आधीच माझे डोळे मिटायला लागले होते. लक्ष्य २० फुटांवर, आणि माझ्या गोळ्या त्याच्या खाली डावीकडे कुठेतरी. घरी आले आणि ते साड्यांखाली ठेवून दिलं. दोन वर्षं तिथेच होतं.

यात माझा नाजूकपणा कुठेच नव्हता, साधं वजनाचं गणित आहे. काडतूस तेच, मग ते झाडणारं पिस्तूल जितकं हलकं तितका धक्का हाताला जास्त. नळी आखूड म्हणून पुढची-मागची माशी, म्हणजे नेम धरायच्या वरच्या दोन खुणा, जवळजवळ, नेम धरताना केसभर चूक झाली तरी लक्ष्यावर ती वीतभर होते. आणि अशा बऱ्याच छोट्या पिस्तुलांची स्प्रिंग उलट जास्त कडक असते, त्यामुळे स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढताना नखं तुटतात. मुरलेले लोक दुसरं म्हणून, फार उकाड्यात पातळ कपड्यांखाली लपवायला, असं छोटं घेतात. नवशिक्याच्या हातात तेच पहिलं म्हणून देणं मला पटत नाही.

"मग रिव्हॉल्व्हर घे, सोपं असतं," असंही तुला कोणीतरी सांगणारच. भरायला-समजायला सोपं, हे खरं. पण पाच गोळ्यांचं, अर्धा किलोहून हलकं रिव्हॉल्व्हर घेऊन त्याचा ट्रिगर एकदा ओढून बघ. लांबलचक आणि जड. ओढता ओढता नळी हलते.

म्हणून काही विकत घ्यायच्या आधी भाड्याने झाड. बहुतेक मोठ्या रेंजवर ही सोय असते. मी तुला तीन हातात देणार आहे. पहिलं ग्लॉक १९. १९८८ पासून बाजारात आहे, १५ गोळ्या, रिकामं साधारण ६०० ग्रॅम. दिसायला काही खास नाही, पण मधल्या मापाचं, जवळजवळ कुठल्याही हाताला चालतं. दुसरं सिग पी ३६५. ते २०१८ मध्ये आलं आणि एवढ्याशा अंगात १० गोळ्या बसवून सगळ्यांची झोप उडवली. लपवायला फार सोयीचं, पण ग्लॉकनंतर झाडलंस की हाताला फरक कळेल. तिसरं स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी, ज्याची स्लाइड मुद्दाम हलकी केली आहे. तुझी मनगटं माझ्यासारखीच बारीक आहेत. पण बाकी दोघांवर फुली मारायच्या आधी स्लाइड ओढायची रीत शिकून घे. पिस्तूल छातीजवळ, नळी समोर, डाव्या तळव्याने स्लाइड वरून घट्ट धरायची आणि उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकलायचं. डाव्या हाताने मागे ओढायला जातात आणि तिथेच सगळ्या बायका "मला जमत नाही" म्हणून हार मानतात.

गोळीच्या मापावरून लोक तासन्‌तास वाद घालतात. तू ९ एमएम घे आणि वाद त्यांच्यावर सोड. १९८६ च्या मायामीतल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले, त्यानंतर ते मोठ्या मापाकडे वळले, आणि पुढे ९ एमएमच्या गोळ्या सुधारल्यावर परत ९ एमएमवरच आले. सरावाला साधी, आणि जवळ बाळगायला होलो पॉइंट, म्हणजे टोकाला खड्डा असलेली. ती आत फुलते आणि थांबते. आरपार जाऊन मागच्या माणसाला लागायची शक्यता त्यामुळे कमी.

आता पर्स. पर्स खुर्चीला लटकते, गाडीत राहते, मैत्रिणीचं पोर बिस्किट शोधायला त्यात हात घालतं. आणि चोर आधी काय ओढतो? पिस्तूल अंगावरच हवं. कायडेक्सच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या होल्स्टरमध्ये (पट्ट्याला अडकवायच्या म्यानात), ट्रिगर पूर्ण झाकलेला. त्याला कडक पट्टा लागतो, लेगिंग्जवर ते लोंबकळतं. या दोन्हींचे पैसे पिस्तुलाच्या आधी बाजूला काढ, कारण मागाहून सगळे इथेच काटकसर करतात. कुडता मात्र आपला फायद्याचा, सैल आणि लांब. इथल्या बायकांना त्याचा हेवा वाटावा.

१ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांपुढच्या बहुतेकांना परवान्याशिवाय बाळगता येतं. तरी तू परवाना काढ. दुसऱ्या बऱ्याच राज्यांत तो चालतो, आणि कायदा नीट समजावणारा वर्ग तरी घडतो. ५० गोळ्यांची परीक्षा असते, ३, ७ आणि १५ यार्डांवरून, २५० पैकी १७५ ला पास. पास झालीस म्हणून पेढे वाटू नकोस, ती अगदी तळातली पायरी आहे. "५१%"ची लाल पाटी असलेल्या, म्हणजे निम्म्याहून जास्त कमाई दारूची असलेल्या, बारमध्ये पिस्तूल नेता येत नाही, शाळेतही नाही. मंडळाचा गणपती शाळेच्या सभागृहात असेल त्या दिवशी ते घरीच ठेव. गाडीत ठेवायचं म्हणशील, तर काच फोडून पिस्तुलं नेणारे पार्किंगमध्येच फिरतात.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं. २०२१ साली या देशात बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, त्यातल्या २६,३२८ आत्महत्या. तू एकटीने रात्रपाळ्या करतेस, आई तिकडे. मन थाऱ्यावर नसेल असे दिवस येतात, मलाही आले. तेव्हा ते पिस्तूल सरळ माझ्याकडे आणून दे, रात्री दोन वाजता का असेना. मी काही विचारणार नाही, चहा टाकेन.

तर शनिवारी सकाळी नऊला ये. बंद गळ्याचा टी-शर्ट घाल, आणि पायात चपला नकोत. गोळी सुटली की काडतुसाची रिकामी, गरम पुंगळी उडून गळ्यातून आत जाते. मी पहिल्यांदा भरलेलं पिस्तूल हातात धरून नाचले होते, रेंजवरच्या माणसाने मनगट धरून नळी खाली केली तेव्हा कुठे थांबले. पोहे मी करून आणते, पण गाडीत बसायच्या आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे. बारुदाबरोबर शिसं उडतं, ते पोह्यांवर नको.

तुझी,
मावशी