मित्राकडे जर्मनीला जातोयस ना, मग मोझेल नदीकाठी जाच

अरे पहिल्यांदा जातोयस तर नुसती मोठी शहरं करत बसू नकोस. मित्र माइन्झला राहतो म्हणालास ना, मग ऱ्हाइनलांड-फाल्झ तिकीट, म्हणजे त्या राज्याचं दिवसभराचं रेल्वे तिकीट काढा, एका तिकिटावर 5 जण दिवसभर लोकल गाड्यांनी फिरतात, फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी 9 च्या आधी चालत नाही आणि आयसीईत, म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीत, अजिबात चालत नाही. मोझेलकर्न स्टेशनला उतरा आणि ओढ्याकाठच्या जंगलातून तासभर चालत बुर्ग एल्त्सला जा, 800 वर्षांहून जास्त एकाच घराण्याकडे असलेला किल्ला, झाडीतून अचानक समोर येतो ना, मी तर बघतच राहिलो! हिवाळ्यात आतून बंद असतो हां. आणि रविवारी दुकानं बंद, खाणंपिणं शनिवारीच घेऊन ठेव, मित्राच्या बायकोवर सगळं टाकू नकोस.