आधी मान धरा, मग माणूस उचला
वाचकांचे प्रश्न : मणक्याची दुखापत

गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीवरून कुणी पडलं की चौघं हातपाय धरतात आणि जीपमध्ये घालतात. काहीजण म्हणतात, हलवूच नका. नक्की काय करायचं? – एक वाचक, शिरोळ

हातपाय धरून उचललं की कंबर झोळीसारखी खाली लोंबते. मोडलेला मणका तिथंच सरकतो आणि हाडाची कपची मज्जारज्जूत, म्हणजे मणक्यांच्या आतून जाणाऱ्या नसांच्या दोरात, घुसते. हा रज्जू असतो जेमतेम करंगळीएवढा जाड. पडताना वाचलेला रज्जू उचलताना जायचा, असं होऊ शकतं.

आधी १०८ला फोन लावा. तोवर श्वास आणि रक्तस्राव बघा, ते मणक्याच्याही आधी. एकानं डोक्याशी गुडघे टेकून बसावं, दोन्ही तळवे कानांवर आणि बोटं जबड्याखाली ठेवून डोकं स्थिर धरावं. मान ओढायची नाही. ती वाकडी असेल आणि सरळ करताना दुखलं किंवा अडली, तर आहे तशीच धरा. माणूस बेशुद्ध असून तोंडात रक्त किंवा उलटी असेल, तर मान-पाठ एका रेषेत ठेवून कुशीवर वळवा. घुसमटून जीव गेला तर मणका वाचवून उपयोग काय?

रुग्णवाहिका येणारच नसेल किंवा माणूस भर रस्त्यात पडला असेल, तर फळी हवी. ट्रॉलीचा फाळका चालतो. तिघांनी एकाच बाजूला बसायचं: एकाचे हात खांदा-कमरेवर, दुसऱ्याचे कंबर-मांडीवर, तिसऱ्याचे गुडघ्याखाली. आकडे डोकं धरणाऱ्यानंच मोजायचे, इतरांनी त्याच्या ‘तीन’वर ओंडका लोटावा तसं अख्खं शरीर एकदम कुशीवर घ्यायचं. आणखी एक जण फळी सरकवतो. बांधताना आधी छाती, मग कंबर, मग पाय आणि शेवटी डोकं. डोकं आधी बांधलं आणि गाडीच्या धक्क्यानं धड घसरलं, तर मान वाकते. डोक्याच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेले टॉवेल लावा.

मागच्या खिशातलं पाकीट, किल्ल्या, चुन्याची डबी काढायला विसरू नका. संवेदना गेलेल्या माणसाला ती डबी टोचत नाही, पण काही तासांत तिथली कातडी मरू लागते. याच कारणानं आता फळी उचलण्यापुरतीच वापरतात, दवाखान्यात पोचल्यावर लवकरात लवकर काढतात. पाणी पाजू नका, ऑपरेशन लागू शकतं. पोलिसांच्या झंझटीला भिऊन मागे राहू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ नं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय.

‘सूज उतरल्यावर ऑपरेशन करू’ असं सांगितलं जातं. थांबावं का? स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यावं का? – एक वाचक, चंदगड

रज्जूवर दाब असेल आणि रुग्ण ऑपरेशन सोसेल असा असेल, तर थांबण्यात फायदा नाही. मानेच्या दुखापतीचे ३१३ रुग्ण घेऊन झालेला अभ्यास २०१२ मध्ये आला. २४ तासांच्या आत दाब काढलेल्यांपैकी सहा महिन्यांनी १९.८ टक्के रुग्ण हालचाल-संवेदना मोजण्याच्या पाच श्रेणींपैकी किमान दोन श्रेणींनी सुधारले. उशिरा केलेल्यांत ८.८ टक्के. २०२१ मध्ये १,५४८ रुग्णांची माहिती एकत्र तपासली, तेव्हाही कल तोच निघाला. पोटात रक्तस्राव असेल तर आधी तोच थांबवावा लागतो, हे खरं.

घड्याळ अपघातापासून सुरू होतं, भरती झाल्यापासून नव्हे. चंदगडहून कोल्हापूरला येण्यातच काही तास जातात. बेळगाव जवळ पडत असेल तर जिल्ह्याचा अभिमान बाजूला ठेवा. सीटी, एमआरआय, मणक्याचा सर्जन आणि अतिदक्षता विभाग हे चारही एका छताखाली आहेत का, एवढं फोनवर विचारून मगच निघा.

रक्तदाब हा दुसरा मुद्दा, आणि घरचे त्याबद्दल क्वचितच विचारतात. सुजलेल्या रज्जूला रक्त पोचायला दाब लागतो. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात सरासरी रक्तदाब किमान ७५-८० आणि कमाल ९०-९५ ठेवावा, तोही तीन ते सात दिवस, असं सुचवलंय. सरासरी काढायला खालच्या आकड्यात दोन्ही आकड्यांतल्या फरकाचा तिसरा हिस्सा मिळवा. ९०/६० म्हणजे ७०, कमीच. मानेच्या दुखापतीत दाब उतरतो, पण नाडी मंद आणि हातपाय गरम राहतात. नाडी जलद आणि हातपाय गार असतील तर रक्तस्राव शोधायला हवा.

स्टेरॉइडचा उत्साह १९९० च्या अमेरिकी चाचणीतून आला. पुढे जंतुसंसर्ग आणि पोटातला रक्तस्राव हे धोके पुढे आले. २०१३ मध्ये अमेरिकी न्यूरोसर्जनांनी ‘देऊ नका’ म्हटलं. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात आठ तासांच्या आत सुरू केलेला २४ तासांचा कोर्स ‘पर्याय’ म्हणून राहिला. म्हणून इंजेक्शनसाठी अडून बसू नका.

स्टेम सेलनं लुळे पाय चालू लागतात, अशी जाहिरात पाहिली. शेत विकावं का? – एक वाचक, राधानगरी

विकू नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या नियमांनुसार मज्जारज्जूच्या दुखापतीत स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. कुणी पैसे मागितले की समजून जा.

खरी नवी गोष्ट आहे ती मानेवर कातडीवरून दिलेल्या विद्युत प्रवाहाची. २०२४ च्या चाचणीत ६० जणांना व्यायामासोबत दोन महिने ती दिली; ७२ टक्क्यांची हातांची ताकद आणि काम दोन्ही सुधारलं. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि प्रश्न हातांचा होता, चालण्याचा नव्हे.

मानेच्या दुखापतीनंतर भावाला अचानक डोकं फुटेल असं दुखतं, चेहरा लाल होतो, कपाळाला घाम येतो. पित्त असेल का? – एक वाचक, कागल

पित्त समजून गोळी देऊ नका. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा वर दुखापत असली की खालच्या भागातल्या एखाद्या त्रासानं रक्तदाब उसळतो. बहुतेक वेळा मूत्राशय तुंबलेलं असतं. तेव्हा ताबडतोब उठवून बसवा, पाय खाली सोडा, पट्टा-मोजे सैल करा. कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर ती मुडपली आहे का, पिशवी भरली आहे का पाहा. नसेल तर लगेच लघवी काढा. मग शौच अडकलंय का, अंगाखाली काही टोचतंय का, नख बोटात रुतलंय का, हे पाहा. अशा रुग्णांचा वरचा रक्तदाब एरवी ९० ते ११० असतो, म्हणून दवाखान्यात १४० दिसला तर ‘ठीक आहे’ म्हणून परत पाठवतील. भावाचा नेहमीचा आकडा कागदावर लिहून व्हीलचेअरच्या पाठीला चिकटवा.