सिंगापूरची लष्करी तुकडी तोफा डागायला नाशिकजवळच्या देवळालीलाच का येते? भारत त्यांचा मित्रदेश म्हणून का?

मैत्री आहेच, पण खरं कारण जागा. सिंगापूर जेमतेम ७३० चौरस किलोमीटरचं, आपला नाशिक जिल्हा १५,५०० च्या आसपास. १५५ मिमी तोफेचा गोळा २५-३० किलोमीटर सहज जातो आणि ते बेट पूर्व-पश्चिम ५० किलोमीटरच! तिथे गोळा डागला तर पडणार कुठे, कोणाच्या तरी गच्चीवर? म्हणून २००८ च्या करारानुसार त्यांच्या लष्कराला भारतात सरावाची मुभा आहे : तोफा देवळालीला, रणगाडे झाशीजवळच्या बबिनाला. ‘अग्नी वॉरियर’ हा संयुक्त सराव त्यातलाच. त्याची १३ वी फेरी नोव्हेंबर २०२४ मध्ये देवळालीच्या फायरिंग रेंजवर झाली. संरक्षण मंत्रालयाच्या तेव्हाच्या निवेदनानुसार सिंगापूरचे १८२ आणि आपल्या तोफखान्याचे ११४ जण होते, म्हणजे पाहुणेच जास्त.

छोट्या देशांची रीत साधारण अशीच : आपल्याकडे नाही ते मोठ्याकडून घ्यायचं, आहे ते द्यायचं. अमेरिकेशीही सिंगापूरचा असाच व्यवहार. १९९० च्या करारानं अमेरिकी जहाजं-विमानांना तळ वापरू दिले, २०१९ मध्ये तो १५ वर्षांनी वाढवला. उलट सिंगापूरचे वैमानिक अमेरिकेत शिकतात.

फक्त याला ‘युती’ म्हणू नका. भारतावर किंवा सिंगापूरवर हल्ला झाला तर दुसऱ्यानं लढायलाच हवं, असं कलम यात नाही. नाटोत एकावरचा हल्ला सगळ्यांवरचा मानतात, तसं इथे काही नाही.