वाचकांचे प्रश्न : रतनपूरचे सिद्दी आणि झांझिबारचा बाजार

प्रश्न : झगडियाजवळच्या रतनपूरला बावा गोर यांच्या दर्ग्यावर जाण्याचा योग आला. तेथील सिद्दी मंडळी अस्सल गुजराती बोलतात आणि पूर्वज आफ्रिकेतून आले, एवढेच सांगतात. आम्ही शाळेत शिकलो तो गुलामांचा व्यापार आफ्रिकेतून अमेरिकेकडे चाले. मग हे लोक इकडे कसे आले?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : पाठ्यपुस्तकांचा भर अटलांटिकवर असतो, त्याला कारणही आहे. त्या मार्गावर सुमारे सव्वा कोटी माणसे जहाजांत कोंबली गेली आणि त्यांपैकी अठरा लाखांच्या आसपास वाटेतच मेली. परंतु आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून अरबस्तान, इराण व हिंदुस्थानकडे चालणारा व्यापार त्याहून कितीतरी शतके जुना आहे. इकडे आणलेल्यांपैकी पुष्कळांना फौजेत, गलबतांवर किंवा घरकामाला ठेवले जाई. इथिओपियात जन्मलेला व अनेकदा विकला गेलेला चापू अखेर निजामशाहीत आला आणि पुढे मलिक अंबर या नावाने १६२६ पर्यंत त्या राज्याचा खरा सूत्रधार राहिला, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

तथापि सगळेच सिद्दी गुलाम म्हणून आले, असे मानू नये. काही खलाशी म्हणून आले, काही व्यापारी वा फकीर म्हणून. खुद्द बावा गोर यांना परंपरा आफ्रिकेतून आलेले संत मानते आणि त्यांचा संबंध अकीकाच्या धंद्याशी जोडते. रतनपूरच्या खाणीतला हा दगड मडक्यात घालून गोवऱ्यांच्या मंद आगीत भाजला की त्याला लाली चढते. मग खंभातच्या कारागिरांनी घडवलेले त्याचे मणी जहाजाने पार आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जात.

तिकडून येई हस्तिदंत. गुजरात-कच्छातील नवरीच्या चुड्यासाठी पूर्व आफ्रिकेचा मऊ हस्तिदंत विशेष पसंत केला जाई. तो आतल्या मुलखातून किनाऱ्यावर आणणारे तांडे अनेकदा माणसेही धरून आणत आणि अशा कित्येक तांड्यांना माल व भांडवल हिंदी व्यापाऱ्यांकडून उधारीवर मिळे. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या झांझिबार बेटाच्या सुलतानाचा जकातीचा मक्ता दीर्घकाळ जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे होता. तेव्हा या व्यापाराचा सगळा बोल अरबांवर ठेवून आपण मोकळे होणे मला पटत नाही. त्या काळी धरून आणलेले बरेचसे लोक समुद्रापार न जाता झांझिबार व पेम्बा बेटांवरील लवंगांच्या मळ्यांतच राबले, ही गोष्टही ध्यानात घ्यावी.

मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर गुलामांचा व्यापार थांबवण्याच्या करारासाठी १८७३ मध्ये झांझिबारला गेले, तेव्हा सुलतान बर्गश याने त्यांना दाद दिली नाही. पुढे ब्रिटिशांकडून आरमारी नाकेबंदीची धमकी मिळाल्यावर, ५ जून १८७३ रोजी, त्याने करारावर सही केली आणि तेथील गुलामांचा बाजार बंद झाला. बंद झाली ती समुद्रावरील ने-आण व जाहीर विक्री. मालकांच्या ताब्यातील गुलामांची कायदेशीर स्थिती रद्द व्हायला १८९७ साल उजाडले.

प्रश्न : १८३३ च्या ब्रिटिश कायद्याने हिंदुस्थानातील गुलामही मुक्त झाले का? आणि जहाजांवरून सोडवलेल्या माणसांचे पुढे काय होई?
— एक विद्यार्थिनी, रावपुरा, बडोदे

उत्तर : नाही. कंपनी सरकारचा मुलूख त्या कायद्यातून वगळला होता. (त्याच कायद्याने दोन कोटी पौंडांची भरपाई दिली, तीही मालकांना, गुलामांना छदामही नाही.) येथे १८४३ चा पाचवा कायदा आला. त्याने गुलामावरील मालकी हक्क न्यायालयात अमान्य ठरवला; गुलामांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरला तो १८६० च्या दंडसंहितेने. बडोद्यासारख्या संस्थानांत कंपनीचा कायदा आपोआप लागू होत नसे.

ब्रिटिश आरमाराने पकडलेल्या गुलामवाहू गलबतांवरची बरीच मुले मुंबईला उतरवली जात आणि त्यांतील काही नाशिकजवळ शरणपूर येथील मिशनच्या आश्रमात वाढत. तेथे त्यांना लिहिणे-वाचणे आणि हातचे एखादे काम शिकवले जाई. जेकब वेनराइट हा त्यांपैकीच एक. आजच्या झांबियातील चितांबो येथे १८७३ मध्ये मिशनरी व प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा मृत्यू झाला, तेव्हा तेथल्या झाडाच्या बुंध्यावर त्याची नोंद कोरली ती जेकबने. सोबत्यांनी ते शव किनाऱ्यापर्यंत वाहून आणले आणि जेकब त्याबरोबर लंडनपर्यंत गेला. १८७५ मध्ये मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रीअर टाउन ही वसाहत स्थापन झाली, तेव्हा नाशिकला शिकलेले आफ्रिकी तेथे शिक्षक व कारागीर म्हणून कामाला लागले.